सराट्याची तक्रार

सोमवारी दुपारी मुलांची ताटं धुऊन झाली, चूल विझली, आणि मुख्याध्यापक जगदेव सरांनी विजयमालाला ऑफिसात बोलावलं. टेबलावरून एक कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

"वाचा," ते म्हणाले.

विजयमाला शाळेत खिचडी शिजवायची. नऊ वर्षं झाली होती. शिरपूर जैनहून मालेगावकडे निघालं की एका फाट्यावरून आत वळावं लागतं, तिथलं हे गाव. सातवीपर्यंतची शाळा, एकशे चौदा मुलं. जोडीला साठीला आलेली रंगूबाई होती. सकाळी एक तांदूळ निवडायची, दुसरी चूल पेटवायची, आणि दुपारी मुलं ओळीनं बसली की दोघी वाढायच्या.

विजयमालाला वाचता यायचं, बोट ठेवून, हळूहळू. कागदावर असं होतं: मागील गुरुवारी आहारात अळ्या आढळून आल्या. सदर बाब आपल्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे प्रथमदर्शनी दिसते. तरी आपणांस कामावरून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा चौकशीच्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी सादर करावा.

तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचे कान तापले.

अळ्या निघाल्या होत्या, हे खरं. वरणात निघाल्या, दोन मुलांना उलट्या झाल्या, कोणाच्या तरी बापानं ताटाचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. पण त्या डाळीचं पोतं जिथं ठेवलं होतं त्या खोलीचं छत गळत होतं, हे विजयमालानं सरांना सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा ते म्हणाले, निवडून घ्या. दुसऱ्यांदा म्हणाले, ऊन दाखवा. तिसऱ्यांदा तिनं ताटलीत डाळ घेऊन त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, डाळीत पांढरं काहीतरी वळवळत होतं, तर सर म्हणाले, "वरून जे येतं ते शिजवायचं. तुम्ही काय साहेब आहात का?" मग दोघींनी ती डाळ दिवसभर सुपात पाखडली, चारदा धुतली आणि शिजवली. एवढं करून जे राहिलं ते ताटात आलं.

"मी तयार करून ठेवलंय," जगदेव सर म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद काढला. "रंगूबाईंनी अंगठा दिला. तुम्ही सही करा, विषय संपला. साहेबांशी मी बोलतो."

त्या कागदावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: माझ्या निष्काळजीपणामुळे डाळ न निवडता शिजवण्यात आली. मी माझी चूक कबूल करते. मला क्षमा करावी.

"हे मी म्हटलं नाई, सर."

"अहो, भाषा असते ती. कागदाची भाषा."

"डाळ निवडली होती. तुमाले दाखवली होती. तीनदा."

"मग तसं लिहून द्या." सर हसले. खिशातला पेन काढून त्यांनी तिच्यासमोर धरला. "द्या लिहून. कोरा कागद देऊ?"

त्यांना ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं की विजयमाला सहीपलीकडे एक अक्षर लिहीत नाही. किराण्याची यादीसुद्धा ती तोंडपाठ करून जायची. पेन समोर आला तसा तिच्या तळहाताला घाम सुटला, बोटं आखडली. सरांनी पेन जरासा हलवला, लहान मुलासमोर गोळी हलवतात तसा.

तिनं पेन घेतला नाही. दोन्ही कागद घेतले आणि ती बाहेर पडली.

रंगूबाई व्हरांड्यात बसली होती. अंगठ्याची शाई पदराला पुसत होती.

"काहून वं अंगठा देल्ला?" विजयमाला खवळली.

"सर म्हने, पगाराचा कागद हाय. मले काय माहीत?"

घरी जाईपर्यंत विजयमालाच्या अंगाची लाही झाली. सरांचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या हाताचा होता. हा हात पन्नास किलोचं पोतं ओढतो, जळती लाकडं सरकवतो, आणि एवढ्याशा पेनाला घाबरतो.

घाबरायला त्याला एका माणसानं शिकवलं होतं. विजयमालाचं माहेर किन्हीराजा. तिथं सातवीत असताना मराठीच्या गुरुजींनी निबंध लिहायला सांगितला, माझी आई. विजयमालाला लिहायला आवडायचं तेव्हा. तिनं दोन पानं भरली. माही माय पऱ्हाटीचा कापूस येचाले जाते. घरी आली की तिचे बोटं फाटलेले रायतात. मंग ती त्याच बोटाईनं माही वेणी घालते. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, नाकातून आवाज काढून, प्रत्येक 'माही'वर थांबून. वर्ग हसला. मग त्यांनी विचारलं, ही भाषा माणसांची की गुराढोरांची? आणि ते पान टाचणीनं तिच्या पोलक्याला पाठीमागून टोचलं. शाळा सुटेपर्यंत काढायचं नाही, असा हुकूम. शाळा सुटल्यावरही तिचा हात पाठीपर्यंत पोचला नाही. ती तशीच गावातून घरी गेली. मायनं टाचणी काढली, कागद उलटासुलटा केला. तिला वाचता येत नव्हतं. "कायचा कागद हाय वं हा?" तिनं विचारलं. विजयमाला म्हणाली, "शाबासकीचा." मायनं तो घडी करून ट्रंकेत ठेवला.

त्यानंतर तिनं लिहिलं नाही. तीस वर्षं. आणि त्या गुरुजींना निवृत्त होताना गावानं फेटा बांधला.

मंगळवारी शाळा आटोपून ती शिरपूरला गेली. अमीनाबीकडे शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायचा होता, आणि घरात बसवतही नव्हतं. अमीनाबी पंधरा वर्षांपासून तिचे कपडे शिवायची. दारात पाय ठेवताच ती म्हणाली, "काय झालं वो? तोंड काहून असं लाल?"

विजयमालानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मले नुसतं दोन वळी लिवता आल्या असत्या, त त्या माणसाच्या तोंडावर फेकून आली असती मी!"

आतल्या खोलीत अमीनाबीची मुलगी तहसीन होती. तिनं डी.एड. केलं होतं, आणि नोकरीची जाहिरात निघण्याची वाट बघत तिला सहा वर्षं झाली होती. दुपारी ती घरीच मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आणि मंगळवार-बुधवारी तीन-चार बायका तिच्याकडे लिहायला यायच्या. कोणाला फॉर्म भरायचा असे, कोणाला माहेरी चार ओळी पाठवायच्या असत. त्या दिवशी कोणी आलं नव्हतं. तहसीन बिस्किटांचा जुना डबा घेऊन बाहेर आली; लिहायला येणाऱ्या बायकांसाठी त्यात विषयांच्या चिठ्ठ्या असत.

"बसा मावशी. चिठ्ठी काढा एक."

"कायची चिठ्ठी?"

"काढा त खरं."

विजयमालानं डब्यात हात घातला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ज्याचा राग येतो त्याची भाजी करा. कोणती भाजी होईल? का?

तिनं चिठ्ठी खाटेवर आपटली. "मायावर गुरुवारी चौकशी हाय. पोट्टी समजून राह्यली का तू मले? खेळ खेळाले आली का मी इथं?"

"मंग काय करता?"

"तूच लिवून दे. तुले येते."

"देतो ना," तहसीन शांतपणे म्हणाली. "पण सरानं लिवलं त्याच्यावर तुमची सही, अन् मी लिवलं त्याच्यावरबी तुमचीच सही. फरक काय? उद्या साहेबानं इचारलं, बाई हे तुमीच लिवलं का, त काय सांगसान?"

विजयमालानं खाटेवरची चिठ्ठी पुन्हा उचलली.

"पेन डाव्या हातात घ्या," तहसीन म्हणाली.

"डाव्या?"

"डाव्याच. मीबी घेतो. अम्मी, तूबी बस."

अमीनाबी मशीनवरून उठून आली. तिला उर्दू लिहिता यायचं, मराठी नुसतं तोडकंमोडकं. तिघी जमिनीवर बसल्या. डाव्या हातानं तहसीनसारख्या शिकलेल्या मुलीचीही अक्षरं कोंबडीनं उकरल्यासारखी आली. अमीनाबीची ओळ पानाबाहेर गेली. "या अल्ला, ये क्या है!" म्हणून ती हसायला लागली. इथं कोणाचंच अक्षर चांगलं येणार नव्हतं, त्यामुळे वाईट यायची भीती उरली नाही. विजयमालाच्या हाताला घाम होता, पण हात चालला. तिनं लिहिलं: सर निबर दोडका. वरून हिरवा. आत नुस्त्या जाळ्या.

तहसीननं ते मोठ्यानं वाचलं. विजयमाला दचकली, आता नाकातून आवाज निघेल म्हणून. पण तहसीन सरळ वाचत होती, जसं लिहिलं तसं. वाचून झाल्यावर अमीनाबी टाळी देऊन म्हणाली, "बराबर! असा दोडका शिजतच नाई."

"अजून कोणाचा राग येते, मावशी?" तहसीननं विचारलं.

"आमच्या मराठीच्या गुरुजीचा. पण त्याची भाजी होत नाई. तो तणकट हाय." आणि मग, कसं कोण जाणे, पाठीला टोचलेल्या पानाची गोष्ट विजयमालाच्या तोंडून निघाली. आजवर तिनं ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

तहसीननं पेन खाली ठेवला. मग म्हणाली, "मले शाळेत सगळे म्हणत, तुझं मराठी किती चांगलं आहे गं, तुमच्यात असूनबी. शाबासकी म्हणूनच म्हणत. मले ते आजबी टोचते." तिनं डबा पुढे केला. "उद्या या. उद्या उजव्या हातानं."

रात्री नवरा, ग्यानबा, जेवताना म्हणाला, "सही करून दे ना. कायले मोठ्या माणसाच्या नादी लागतं?" विजयमालानं त्याच्या ताटात भाकर टाकली ती जरा जोरातच टाकली. "मी चूक केली का?" तिनं विचारलं. तो गवंडी माणूस, साधा. म्हणाला, "नाई." "मंग?" त्यानं भाकर मोडायला घेतली.

बुधवारी तिनं दुसरी चिठ्ठी काढली: तुमच्या घरातली किंवा कामावरची एक वस्तू बोलायला लागली. तिची तक्रार काय असेल? नियम दोन. दहा मिनिटं पेन थांबवायचा नाही. खोडायचं नाही. सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहायचं.

"हे कायचं येडपट काम," विजयमाला पुटपुटली, पण यावेळी तिनं पेन उजव्या हातात धरला. पहिल्या दोन ओळी तिनं 'सुचत नाई सुचत नाई' अशाच लिहिल्या. तिसऱ्या ओळीला तिला सराटा आठवला, गंजातली, म्हणजे मोठ्या पातेल्यातली, खिचडी हलवायचा तो मोठा लोखंडी सराटा, ज्याची मूठ तिच्या हातानं गुळगुळीत झाली होती. दहा मिनिटं झाली तरी ती थांबली नाही. तहसीननंही थांबवलं नाही.

मग विजयमालानं स्वतःच वाचलं. अडखळत, पण वाचलं:

"मी सराटा. लोखंडाचा. नऊ वर्सापासून शाळेच्या गंजात फिरतो. मले दोन बायाईचे हात माहीत हायेत. तिसरा हात मले कधी लागला नाई. पण वहीत लिवेल रायते का सरानं चव घेतली, चव उत्तम. मले इचारा ना. माया टोकावरून एक शीत कोणी उचललं नाई. महिन्याच्या पयल्या तारखेले सर बसतात अन् पुढच्या महिनाभराची चव एकाच दमात घेतात. चहा पेत पेत. सुटीच्या दिवसाचीबी घेतात. मले मुकं समजतात. मी मुका नाई, मले कोणी इचारलं नाई."

अमीनाबी हसली. तहसीन हसली नाही.

"मावशी, हे खरं हाय?"

"कोणतं?"

"चवीच्या वहीचं."

"खरंच त. मंग का सराटा खोटं बोलते?"

प्रत्येक शाळेत ती वही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं घास खाऊन बघायचा आणि सही करायची. विजयमाला नऊ वर्षं ती वही पाहत होती. पहिल्या तारखेला चहाच्या कपासोबत विजयमालाच ती वही सरांसमोर नेऊन ठेवायची.

"मंग गुरुवारच्या दिवशीबी सही असन," तहसीन म्हणाली. "अळ्या निघाल्या त्या दिवशी. चव उत्तम."

विजयमालानं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे. तिच्या तोंडावरचा रंग बदलला.

"त्यानं चाखलं असन, त अळ्या त्यालेबी दिसाले पायजे होत्या," ती सावकाश म्हणाली. "अन् चाखलंच नसन, त सही कायची? अन् निष्काळजी मी? मी?" ती उठूनच उभी राहिली. "सुपानं पाखडून पाखडून माहे खांदे गेले, अन् निष्काळजी मी! दे कागद. दुसरा दे, मोठा."

तो खुलासा तिनं त्या दुपारी लिहिला. एकही पान फाडलं नाही, कारण खोडायचं नाही हा नियम तिनं इथंही पाळला. चुकलं तिथं पुढं नीट लिहिलं. तहसीननं एकदाच तोंड उघडलं, वर तारीख आणि विषय कुठं लिहितात ते सांगायला. बाकी एक काना-मात्रा तिनं बदलला नाही. "मले बदलाचा मोह होते," तिनं कबूल केलं, "म्हणून मी भाकरी कराले जातो," आणि आत निघून गेली.

गुरुवारी अकरा वाजता तालुक्याहून चौकशीचे साहेब आले. ऑफिसात ते, जगदेव सर, दोन शिक्षक, आणि दाराशी विजयमाला अन् रंगूबाई. साहेबांना घाई होती. त्यांनी रंगूबाईचा अंगठ्याचा कागद वाचला, फाईलला लावला. मग विजयमालाच्या खुलाशाचे दोन कागद हातात घेतले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोणत्या भाषेत आहे?"

"माया," विजयमाला म्हणाली.

जगदेव सर पुढे झाले. "साहेब, मी व्यवस्थित मसुदा करून दिला होता. या बाईंनी कोणाकडून तरी हे... सगळं अशुद्ध आहे. ऱ्हस्व-दीर्घ नाही, काही नाही. वेळ जाईल तुमचा."

"शासकीय कागद प्रमाण भाषेत असावा लागतो, बाई," साहेब म्हणाले. "पुन्हा लिहून आणा."

विजयमालाच्या हाताला घाम सुटला होता. तो सुटायचाच होता. पण काल रात्रभर तिच्या मनात जे खदखदत होतं ते त्या घामाच्या वर आलं.

"साहेब, डाळीत अळ्या निघाल्या त्या प्रमाण भाषेत निघाल्या का?"

एक शिक्षक खाली बघून खोकला.

"पोराईच्या पोटात गेल्या तवा कोणी इचारलं नाई शुद्ध हाय का अशुद्ध. मी लिवलं त ते इचारून राह्यले तुमी! तुमाले वाचाले जड जात असन त द्या इकडे. मी वाचतो."

आणि साहेब काही म्हणायच्या आत तिनं कागद त्यांच्या हातातून घेतले. पहिल्याच ओळीत ती अडखळली. सगळे तिच्याकडे बघत होते, ऑफिसची ती भिंत, तो फळा, सगळं सातवीच्या वर्गासारखं वाटलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. पाऊस किती तारखेला आला, खोली कुठं गळते, पोतं कोणत्या भिंतीला होतं, सरांना कोणत्या वारी काय सांगितलं आणि सर काय म्हणाले. "तुम्ही काय साहेब आहात का" हे वाक्य तिनं सरांचंच शब्दशः लिहिलं होतं. ते तिनं वाचलं तेव्हा खऱ्या साहेबांनी मान वर केली. शेवटी चवीची वही आली. चाखलं असन त दिसलं काहून नाई, चाखलं नसन त सही कायची, याचा खुलासा मले कोण देते, असं तिनं विचारलं होतं आणि त्याच्याखाली सही केली होती.

"वही आणा," साहेब म्हणाले.

जगदेव सरांना कपाटाची किल्ली सापडेना. ती त्यांच्या खिशातच होती, हे दुसऱ्या शिक्षकानं सांगितलं.

वही उघडली. अळ्यांच्या गुरुवारसमोर सही होती, चव उत्तम. आजच्या गुरुवारसमोर सही होती, चव उत्तम. आज अजून चूल पेटायची होती. साहेबांनी बोट खाली नेलं. शुक्रवार, शनिवार, उरलेला सगळा महिना भरलेला. रविवारसुद्धा.

"रविवारी काय चाखलं तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

सर काहीतरी बोलले, कामाचा ताण, ऑनलाइन माहिती, एक शिक्षक कमी. विजयमालाला ते ऐकायचं नव्हतं.

तोवर रंगूबाई टेबलापाशी आली होती. "साहेब, माहा अंगठा वापस द्या."

"तो परत देता येत नाही, आजी."

"काहून येत नाई? मले पगाराचा कागद सांगून घेतला. मी अशी चूक कबूल केली नाई."

"मग दुसरा अर्ज द्या तसा."

रंगूबाईनं विजयमालाकडे पाहिलं. मग विजयमालानं टेबलावरचा कोरा कागद ओढला. पेन तिच्याकडे नव्हता. तिनं जगदेव सरांच्या खिशाकडे हात केला. "द्या, सर." सरांनी दिला.

"सांग माय," ती रंगूबाईला म्हणाली. "तू सांगशीन तेच लिवतो. तुहंच लिवतो."

रंगूबाई एकेक वाक्य बोलत गेली आणि विजयमाला लिहीत गेली. मध्येच रंगूबाई म्हणाली, "लबाड नको लिवू, फसवलं लिव." विजयमालानं 'लबाड'पुढे फसवलं लिहिलं. पूर्ण झाल्यावर तिनं ते रंगूबाईला दोनदा वाचून दाखवलं. मग रंगूबाईनं शाईचा डबा स्वतःकडे ओढला आणि अंगठा असा दाबला की कागदाखालच्या फाईलवरही वळ उमटला असेल.

साहेबांनी सगळे कागद घेतले. "जसे आहेत तसे लावतो," म्हणाले. वहीही नेली.

त्यानंतर शाळेत बऱ्याच गोष्टी बदलल्या. पोती ऑफिसच्या बाजूच्या कोरड्या खोलीत आली. नवी वही आली, आणि जगदेव सर रोज स्वतः चुलीपाशी यायचे, वाटीभर खिचडी उभ्यानं खायचे आणि सही करून जायचे. विजयमालाशी ते एक शब्द बोलत नसत. त्यांच्यावर काय कारवाई झाली, झाली की नाही, हे कोणी तिला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, ते गोपनीय असतं.

तीन आठवड्यांनी तिच्या नावाचा कागद आला. दोन ओळींचा. आपला खुलासा मान्य करण्यात येत आहे. यापुढे दक्षता घ्यावी, अशी समज देण्यात येते.

ग्यानबाला तिनं तो वाचून दाखवला. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. "चला. काम राह्यलं तुहं."

"काम माहं होतंच. ते का त्याईनं देल्लं?" विजयमाला म्हणाली. "हे पाह्य. खुलासा मान्य. म्हणजे माही चूक नाई. मंग समज कायची? मी अखिन काय दक्षता घेऊ? छतावर जाऊन झोपू?"

"जाऊ दे वं. त्याईची लिवाची पद्धत असते तशी."

"पद्धत!" तिला तो शब्द डोक्यात गेला. "तीस वर्सं माहं तोंड या पद्धतीनंच बंद केलं. चूक नाई त चूक नाई लिवा. सरळ."

तिनं जेवणाची ताटं बाजूला सारली आणि कागद घेतला. वर तारीख घातली, विषय घातला: समज परत घेणेबाबत. पहिल्या ओळीवर ती जरा अडली. 'देण्यात' कसं लिहायचं, ते तिनं आलेल्या कागदात पाहून घेतलं. पुढं ती थांबली नाही. तिनं लिहिलं की मी नऊ वर्सं पोराईले जेवू घातलं, माया हातचं खाऊन कोणी आजारी पडलं नाई, पडलं ते तुमच्या गळत्या छतानं पडलं. मले समज देली तशी छतालेबी द्या. अन् ज्यानं न चाखता सही केली त्याले काय देल्लं, तेबी मले लिवून कळवा.

ग्यानबा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिला. मध्येच त्यानं दिवा जरा जवळ सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिनं रंगूबाईला चूल पेटवायला सांगितलं आणि साडेनऊच्या गाडीनं मालेगावला तालुक्याच्या कचेरीत गेली. आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसानं अर्ज हातात घेतला, दोन ओळी वाचल्या आणि तिच्याकडे पाहिलं. "कोणी लिवून देला, बाई?"

"शिक्का मारा," विजयमाला म्हणाली. "अन् पोच द्या."

त्यानं शिक्का मारला, नंबर टाकला. तिनं पोच नीट वाचून घेतली, नाव बरोबर आहे का पाहिलं, आणि खिचडीत मीठ टाकायच्या वेळेपर्यंत ती परत आली होती.